कुळाच्या नोंदी कोणत्या दप्तरात शोधाव्यात?

वाचकांचे प्रश्न

कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून तहसील कार्यालयातील जुन्या नोंदवह्या, मोडी कागद आणि ‘गाव नमुना १४’ (जन्म-मृत्यूची नोंदवही) हे शब्द घरोघरी पोहोचले. त्याचा परिणाम या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरही झाला आहे. काही वाचकांना दाखल्यासाठी पुरावा हवा असतो, पण बऱ्याच जणांना आपले लोक कोण होते, कुठून आले, एवढेच जाणून घ्यायचे असते. या दुसऱ्या प्रकारच्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांपूर्वी एक सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे वंशावळ जपावी या हेतूने सरकारी दप्तर कोणी ठेवले नाही. सारा वसूल करणाऱ्याने साऱ्यासाठी नाव लिहिले, तीर्थोपाध्यायांनी यजमान आपल्याकडेच यावा म्हणून लिहिले, मास्तरांनी पटासाठी लिहिले, आणि इनाम कमिशनने इनाम चालू ठेवायचे की खालसा करायचे हे ठरविण्यासाठी लिहून घेतले. त्यामुळे पणजोबांचे नाव लिहून ठेवण्याची गरज त्या काळी कोणाला पडली असेल, असा विचार करून निघाल्यास शोध लवकर मार्गी लागतो.

प्रश्न : आमचे उपनाव कुलकर्णी असून मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे. आजोबा १९४० च्या सुमारास नोकरीसाठी पुण्यास आले. त्यांचे व त्यांच्या वडिलांचे नाव ठाऊक आहे, त्यामागचे काहीच नाही. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, पुणे)

सुरुवात घरातील पत्र्याच्या पेटीपासून करावी, हे आपणांस फार साधे वाटेल. पण सरकारी कार्यालयात पहिला प्रश्न गावाचा, तालुक्याचा आणि जमिनीच्या क्रमांकाचा विचारला जातो, आणि ही तिन्ही उत्तरे बहुधा घरातच असतात. जुनी सारा पावती, वाटणीपत्र, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, देवघरातील पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली श्राद्धतिथी, यांपैकी काहीही उपयोगी पडते.

गावाचे नाव व गट क्रमांक हाती आला की सातबारा उतारा घ्यावा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा दिसतो. तो फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो, आणि कुळाचा इतिहास शोधणाऱ्यास साऱ्या सातबाऱ्यात तेवढाच आकडा मोलाचा असतो. नावाला कंस केलेला असेल तर त्या व्यक्तीचा हक्क संपला असे समजावे. तो का संपला हे फेरफारात लिहिलेले असते. अमुक खातेदार अमुक तारखेस मयत झाला, त्यास वारस म्हणून पत्नी, इतके मुलगे, इतक्या मुली, त्यांची वये आणि कोण कोठे राहतो, एवढी माहिती एका चांगल्या वारस फेरफारात आठ-दहा ओळींत बसते. त्या फेरफारात मागील फेरफाराचा हवाला असतो आणि त्यात त्याही मागील. अशा रीतीने पायरी-पायरीने मागे जाता येते. वारसांच्या प्रकरणांसाठी गाव नमुना ६-क ही वेगळी नोंदवही असते, तीही मागावी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा पहिला कायदा १९०३ चा, तो पुढे १९१३ मध्ये जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात या वाटेने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जाता येते, आणि त्या वेळी नोंदलेला खातेदार वयस्कर असेल तर त्याच्या वडिलांच्या नावासह आपण १८५० च्या आसपास पोहोचतो.

वाटेत एक अडसर हमखास येतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार गावोगावी गट पाडले गेले आणि जुने सर्व्हे नंबर बदलले. आजच्या गट क्रमांकावरून मागे जाताना साखळी तेथे तुटल्यासारखी वाटते. अशा वेळी जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांची सांगड दाखविणारा एकत्रीकरण योजनेचा उतारा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा. जुने सातबारे व फेरफार बऱ्याच ठिकाणी स्कॅन झाले असून ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. तेथे न मिळाल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. अर्जात ‘आमच्या पूर्वजांची सर्व कागदपत्रे मिळावीत’ असे लिहू नये. ज्या गावचा, ज्या क्रमांकाचा, ज्या सालाचा कागद हवा तेवढाच लिहावा. मोघम अर्जाला मोघम उत्तर मिळते.

आपल्या उपनावाविषयी वेगळे सांगणे भाग आहे. कुलकर्णी हे पदाचे नाव आहे, कुळाचे नव्हे. देशमुख, पाटील, जोशी, देशपांडे, चौगुले यांचेही तेच. एकोणिसाव्या शतकातील कागदांत आपल्या पूर्वजांचा उल्लेख निराळ्या मूळ उपनावाने असू शकतो, किंवा उपनावच नसून केवळ नाव, वडिलांचे नाव आणि ‘कुलकर्णी मौजे अमुक’ एवढेच असू शकते. ही अडचण आहे तशी सोयही आहे, कारण वतनदार घराण्यांची नोंद सामान्य रयतेपेक्षा किती तरी अधिक ठेवली गेली. १८७४ च्या वतन कायद्यानंतर वतनदारांची व त्यांच्या वारसांची नोंद करणे सरकारला क्रमप्राप्त झाले, आणि परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने नष्ट होईपर्यंत ती प्रकरणे चालू राहिली. त्याही मागे जायचे असेल तर पुण्याच्या पुरालेखागारात इनाम कमिशनसमोर सादर झालेल्या कैफियती आहेत. १८५२ च्या कायद्यानुसार इनामदारांना व वतनदारांना आपला हक्क कोणापासून कोणाकडे आला हे सांगावे लागले, आणि ते सांगताना वंशावळ द्यावीच लागली. वतनाच्या भांडणात पक्षकाराने घराण्याची पिढीजात हकिकत लिहून द्यायची, तिला करीना म्हणत. पूर्वजांचे भाऊबंदांशी वाजले असेल तर ते आपल्या पथ्यावरच पडले असे समजावे. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घराचा कागद सहसा सापडत नाही.

प्रश्न : तीर्थक्षेत्रीच्या वह्यांत आपल्या पिढ्यांची नावे असतात असे ऐकले आहे. त्या कोणालाही पाहता येतात काय? त्यांवर कितपत विसंबावे? (एक वाचक, ठाणे)

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांकडे अशा वह्या आहेत. यजमानांची विभागणी कोठे उपनावावरून, कोठे जातीवरून, कोठे तालुक्यावरून असते आणि ती त्या त्या घराण्यांनी आपसांत ठरविलेली असते. म्हणून क्षेत्री गेल्यावर समोर येईल त्याला वही मागू नये; आपल्या गावचे किंवा आपल्या उपनावाचे उपाध्ये कोण, हे आधी विचारावे. चार जणांना विचारले की नाव कळते.

काही वर्षांपूर्वी मी त्र्यंबकेश्वरी याच कामासाठी गेलो होतो. उपाध्यायांनी उपनाव, जात आणि गाव विचारले. मी आमचे आजचे गाव सांगितले. त्यांनी लाल कापडाच्या बासनातला जाड, लांबट चोपडा काढून पाऊण तास पाहिला, तरी काही निघाले नाही. निघायच्या बेतात असताना बरोबरचे काका सहज म्हणाले की त्यांच्या आजोबांच्या तोंडी नेहमी दुसऱ्याच एका गावाचे नाव असे. उपाध्यायांनी दुसरी वही उघडली आणि पाच मिनिटांत बोट ठेवले. पान पिवळे, शाई तपकिरी पडलेली, वरच्या चार ओळी मोडीत आणि खालच्या बाळबोध. त्यांत नाव, बापाचे नाव, आजाचे नाव, मग भाऊ, चुलते, पुत्र असे ओळीने लिहिलेले, कशासाठी आलो ते कारण, शके, तिथी आणि खाली येणाऱ्याची सही. आमच्या कुटुंबाने गाव बदलल्याची आठवणही आमच्या पिढीत उरली नव्हती, ती त्या वहीने दिली. तेव्हापासून मी विचारणाऱ्यास आजच्या गावाबरोबर घरात कानावर पडलेल्या प्रत्येक गावाचे नाव लिहून न्यायला सांगतो.

आपला दुसरा प्रश्न विश्वासार्हतेचा आहे. नोंद यात्रेकरूने तोंडी सांगितलेली असते आणि ती सांगताना तो बहुधा अस्थिविसर्जनासाठी किंवा श्राद्धासाठी आलेला असतो. पंजोबांपर्यंतची नावे त्याला पिंडदानापुरती पाठ असतात, त्यामुळे तीन पिढ्यांची सरळ रेषा सहसा बरोबर निघते. चुलत घराण्यांच्या बाबतीत मात्र गफलत होते. लहानपणी वारलेली मुले गळतात, दत्तक गेलेला मुलगा जनक घरच्या यादीत राहून जातो, आणि पाळण्यातल्या नावाऐवजी दादा, अण्णा, बापू हीच नावे लिहिली जातात. माझ्या मते ही वही सांगाडा म्हणून घ्यावी आणि प्रत्येक हाड महसुली कागदाशी ताडून पाहावे.

वही ही त्या कुटुंबाची मिळकत आहे, सार्वजनिक दप्तर नव्हे. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, दक्षिणा द्यावी आणि आपल्या आजच्या कुटुंबाची नोंद करून खाली सही करावी, त्यात सुना व मुलींची नावेही सांगावीत. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांच्यासाठी एक मार्ग आहे. अमेरिकेतील यूटा राज्यातील जिनिऑलॉजिकल सोसायटीने १९७७ पासून हरिद्वार आणि आणखी काही क्षेत्रांतील वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले असून ‘फॅमिलीसर्च’ या विनामूल्य संकेतस्थळावरून त्या संग्रहाचा शोध घेता येतो. पाने प्रतिमारूपात असल्याने नाव टंकून लगेच सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांतील वाचकांनी हेळव्यांनाही विसरू नये. बैलावर बसून सुगीनंतर दारी येणारे, घरातील पिढ्या घडाघडा म्हणून दाखविणारे आणि नव्या बाळाचे नाव आपल्या वहीत चढविणारे हेळवी अजूनही काही गावांत येतात. आमच्या एका वाचकाला त्याच्या मळ्यातील गड्याकडून कळले की हेळवी गेल्याच आठवड्यात येऊन गेला. आता त्याला पुढच्या सुगीची वाट पाहणे आले.

प्रश्न : आमच्या कुटुंबाकडे जमीन नव्हती, वतनाच्या सनदा नव्हत्या. आजोबा मुंबईत गिरणीत होते. वंशावळीचे लेख वाचले की ते जमीनदारांसाठीच लिहिलेले वाटतात. आम्ही काय शोधावे? (एक वाचक, मुंबई)

आपली तक्रार खरी आहे. वरच्या दोन उत्तरांत मीही तेच केले आहे.

भूमिहीन कुटुंबासाठी पहिला आधार गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा आहे, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावी ही नोंद ठेवली जात होती आणि तिच्यात जमीन असणे-नसणे हा भेद नव्हता. हे बाड तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. ते पाहताना मुलाचे नाव शोधू नये, बापाचे शोधावे. बारशाआधीच नोंद होत असल्याने बाळाच्या नावाच्या जागी पुष्कळदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेले असते. त्यापुढे बापाचे नाव, जात आणि तारीख.

दुसरा आधार शाळेचे जनरल रजिस्टर. गावची जुनी शाळा जिल्हा परिषदेकडे असली तरी तिचे जुने रजिस्टर बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटातच असते. त्यातील नाव, बापाचे नाव, जात, मागील शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण हे सारे विश्वासाने घ्यावे, जन्मतारीख सोडून. एका पानावर निम्म्या मुलांचा जन्म १ जून रोजी झालेला दिसला तर तो योगायोग नव्हे. जूनमध्ये शाळा उघडली, मूल दाखल व्हायला आले, बापाला तारीख सांगता आली नाही आणि मास्तरांनी वय पुरेल अशी तारीख घातली, एवढाच त्याचा अर्थ.

आपण जात लिहिलेली नाही, तरी एक शक्यता सांगतो. जमीन नव्हती असे घरात सांगितले जात असले तरी महार, रामोशी यांसारख्या समाजांकडे गावकामगार वतनाची जमीन असे. ती अख्ख्या भावकीत सामाईक असल्यामुळे एकेका घराच्या वाट्याला नाममात्र येई आणि म्हणून आठवणीतून जाई. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली व जमिनी पुन्हा नावे करून देण्यात आल्या, तेव्हाच्या फेरफारांत एकाच नोंदीखाली भावकीतील सर्व हिस्सेदारांची नावे सापडू शकतात. पेशवेकालीन कागदांत महार व्यक्तींच्या नावांना ‘नाक’ हा प्रत्यय लागलेला आढळतो. तो उपनावाचा भाग समजून वेगळा शोधू नये.

मुंबईच्या बाजूने भविष्यनिर्वाह निधीचे कागद, चाळीच्या खोलीची भाडेपावती, रेशनकार्ड व महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातील जन्मनोंद पाहावी. गिरणी बंद पडली असली तरी हे कागद कुटुंबाकडे राहिलेले असतात. घराण्यात कोणी पहिल्या महायुद्धात गेल्याची व परत न आल्याची वदंता असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या सूचीत नाव पाहावे. तेथे अनेक भारतीय सैनिकांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव व जिल्हा दिलेला आहे, आणि ज्या घरात दुसरा एकही लेखी पुरावा नाही तेथे बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीतील एक नोंद गावाचे नाव देऊन जाते.

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचे गाठोडे सापडले. वाचता येत नाही. फेकून देण्याआधी त्यांत आमच्या घराण्याविषयी काही आहे काय, हे कसे कळेल? (एक वाचक, वाई)

फेकण्याचा विचार कृपया सोडावा. गाठोडे उन्हात वाळत घालू नये, फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि ज्या क्रमाने कागद गुंडाळलेले आहेत तो क्रम मोडू नये, कारण एका रुमालात बांधलेले कागद बहुधा एकाच प्रकरणाचे असतात.

चार-सहा शब्द ओळखता आले तरी कागद घराण्याचा आहे की उसनवारीचा, हे कळू लागते. ‘बिन’ आणि ‘वलद’ या दोहोंचा अर्थ ‘चा मुलगा’. ‘कोम’, ‘जोजे’ व ‘भ्रतार’ हे शब्द स्त्रीच्या नावानंतर येतात आणि त्यांपुढे नवऱ्याचे नाव असते. ‘मौजे’ व ‘कसबे’ यांच्या पुढे गावाचे नाव येते. तारखेच्या आधी ‘छ’ दिसला तर पुढे मोहरम, सफर, रजब, साबान असा महिना असणार. तेवढ्यावरून कागद मुसलमान घराण्याचा ठरत नाही, पेशवाईच्या दप्तरात सर्रास हीच पद्धत होती.

सालाचा हिशेब मात्र जपून करावा. शके असेल तर ७८ मिळवावेत. शुहूर सन (मराठेशाहीच्या दप्तरातील कालगणना) असेल तर तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि एकं आधी, हजार शेवटी असा उलटा वाचावा लागतो. उदाहरणार्थ ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९ मिळविले की १७६० येते. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने पानिपतची जानेवारी १७६१ ची लढाई याच शुहूर सालात पडते. फसली, म्हणजे महसुली, सालात ५९० मिळवावेत. यांतील दोन पद्धतींची गल्लत झाली तर घराण्यात एक बनावट पिढी जन्माला येते, आणि छापील कुलवृत्तांतांतही अशा पिढ्या मी पाहिल्या आहेत.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, लेखणी न उचलता लिहिल्यामुळे शब्द एकमेकांत गुंततात आणि तर्फ, परगणे, राजश्री हे नित्याचे शब्द एकदोन अक्षरांत उरकलेले असतात. त्यामुळे लिपीचे अक्षरज्ञान पंधरा दिवसांत होते, कागद वाचायला वर्ष लागते. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ व राज्याचे पुराभिलेख संचालनालय यांच्याकडे चौकशी केल्यास वर्ग व जाणकार यांची माहिती मिळते. लिप्यंतर करून घेताना मूळ ओळीखाली ओळ अशी प्रत मागावी. ‘सारांश’ घेऊ नये. सारांशात नावे राहतात आणि नाते गळते. पुरालेखागारात स्वतः जाण्याची हौस असेल तर हेही ध्यानात असावे की पेशवे दप्तर सुमारे ३९ हजार रुमालांचे आहे, आणि तेथे प्रांत, परगणा व प्रकरण माहीत असल्याखेरीज नुसत्या उपनावावर काही हाती लागत नाही.

प्रश्न : आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. जुने कागद उर्दूत आहेत. त्यांचे काय करावे? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व दरबारी भाषा उर्दू होती, म्हणून आपल्याकडील कागदांची जातकुळीच निराळी आहे. तहसीलमधून १९५० च्या दशकातील खासरा पत्रक व पाहणी पत्रक हे जमिनीच्या नोंदीचे कागद आधी घ्यावेत, ते मराठीत मिळण्याचा संभव अधिक. त्यांतून नाव व सर्व्हे नंबर पक्का झाला की मग उर्दू कागदांकडे वळावे. नाव आधी माहीत असले तरच उर्दू नोंद नीट लावता येते, कारण त्या लिपीत स्वर पुष्कळदा गाळलेले असतात आणि ‘मोरे’ व ‘मुरे’ सारखेच लिहिले जातात. महिने आजूर, दै, बहमन असे फारसी असतील व साल फसली. हैदराबादेत ते ऑक्टोबरात बदले, म्हणून १३५० फसली म्हणजे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. वाचण्यासाठी गावातील उर्दू शाळेचे निवृत्त शिक्षक मिळाले तर उत्तम. गावची आडनावे त्यांना ठाऊक असतात, हा फायदा शहरातील भाषांतरकाराकडे नसतो.

प्रश्न : आईच्या व आजीच्या बाजूचा शोध घ्यायचा आहे. वंशावळीत बायकांची नावेच नाहीत. (एक वाचिका, नागपूर)

छापील वंशवृक्षांत मुलगे फांद्या होतात आणि मुलींच्या नावापुढे रेघ संपते, हे खरेच. त्यात लग्नानंतर उपनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलण्याची रीत असल्याने माहेरची गोदावरी सासरी रमाबाई होते आणि दोन्ही कागदांत ती एकच बाई आहे हे सांगणारे कोणी उरत नाही.

स्त्रियांची नावे जेथे हमखास मिळतात असा एक कागद आहे, हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आला, त्यानंतर बापाच्या पश्चात मुलींची नावे वारस म्हणून फेरफारात लागू लागली आणि मागोमाग त्यांच्याकडून भावांच्या लाभात हक्क सोडवून घेण्यात आले. त्या कागदावर मुलीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे गाव व वय असे सारे असते. हक्क सोडताना का होईना, तिची पुरी ओळख लिहिली जाते. आपल्या आजीच्या भावांच्या जमिनीचे फेरफार १९५६ नंतरचे काढावेत. धाकटे वारस सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ या अक्षरांसह असतील तर त्यापुढचे नाव बहुधा विधवा आईचे असते. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे सज्ञान नसलेल्या वारसाचा पालक, असा त्याचा अर्थ.

जन्मपत्रिका, माहेरच्या गावच्या शाळेचे रजिस्टर आणि लग्न ठरताना केलेल्या याद्या यांचाही शोध घ्यावा. यादीवर दोन्हीकडच्या कर्त्या पुरुषांची नावे व गाव असते. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या उतरवून घ्याव्यात. ओव्यांत बाई भावाचे नाव घेते, माहेरच्या गावचे दैवत सांगते, वाटेवरची नदी सांगते. एका वाचिकेला तिच्या पणजीच्या माहेरचे गाव याच मार्गाने मिळाले. ओवीत आलेल्या देवाची जत्रा तालुक्यात एकाच गावी भरत होती.

प्रश्न : परदेशांत जनगणनेच्या जुन्या याद्या पाहून लोक वंशावळ काढतात. आपल्याकडे तशी सोय आहे काय? (एक वाचक, नाशिक)

नाही. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी कोणासही पाहता येत नाहीत. प्रसिद्ध होतात ती केवळ बेरीज केलेली कोष्टके. त्या वाटेने वेळ घालवू नये.

प्रश्न : आमचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून गिरमिटिया (करारबद्ध मजूर) म्हणून मॉरिशसला आले. मूळ गाव शोधता येईल काय? (एक वाचक, मॉरिशस)

आपली बाजू भारतातील अनेक वाचकांपेक्षा भक्कम आहे. गिरमिटावर आलेल्या प्रत्येकास स्थलांतरित क्रमांक दिला जाई. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती दप्तरे जपली आहेत व त्यांत नाव, बापाचे नाव, वय, जात, जहाज, जिल्हा, परगणा व गाव असा तपशील असतो. काहींची छायाचित्रेही आहेत. पणजोबांच्या कोणाही अपत्याच्या जन्मनोंदीवर किंवा विवाहनोंदीवर हा क्रमांक आहे काय, ते प्रथम पाहावे.

गावाचे नाव मिळाल्यावर ते मोठ्याने वाचावे. कारकून इंग्रज किंवा फ्रेंच भाषक, सांगणारा कोकणी माणूस. ‘वाडी’, ‘खुर्द’, ‘बुद्रुक’ गळालेले, ‘ळ’ चा ‘ल’ झालेला आणि ‘व’ चा ‘ब’. उच्चार जुळला की नकाशा काढावा, पण आजच्या रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पुरणार नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. आपल्या पणजोबांच्या वेळी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे सारे रत्नागिरीतच होते. दप्तरातील ‘परगणा’ या रकान्यात बहुधा त्या वेळच्या तालुक्याचे नाव असते, तेथून सुरुवात करावी. गाव निश्चित झाल्यावर तेथील उपनावे पाहावीत, ग्रामदैवताच्या देवळातील मानकऱ्यांना विचारावे आणि खोतीचे गाव असेल तर जुन्या खोत घराण्याकडील कागदांची चौकशी करावी, कारण कोकणात कुळाचे नाव सरकारआधी खोताच्या वहीत चढत असे. येण्यापूर्वी गावच्या ग्रामपंचायतीस मराठीतून पत्र पाठवावे, सोबत क्रमांक व छायाचित्राची प्रत जोडावी, आणि गणपतीत यावे. मुंबईकर चाकरमानी त्याच वेळी गावात असतात आणि भावकीची माहिती असलेली वडीलधारी माणसे एका ओटीवर भेटतात.